स्टुडिओ फोटोग्राफी शिकायची तर आधी एकच दिवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: बाहेरच्या उजेडात फोटो बरे येतात, कॅमेरा मॅन्युअलवर वापरता येतो, आता स्टुडिओचं काम शिकायचंय. दोन सॉफ्टबॉक्सचा (दिव्यासमोर पांढरं कापड ताणलेल्या पेट्यांचा) संच घ्यावा की तीनचा? फ्लॅश घ्यावा की एलईडी? आणि लायटिंगच्या आकृत्या बघून अगदी तसेच दिवे लावले तरी चेहरा सपाट का येतो?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची बरीच उत्तरं त्यातच आहेत. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंशांवर दोन सारखे दिवे, दोघांची ताकद समान. संच विकताना दाखवतात ती मांडणी बहुतेक वेळा हीच असते. नेमकी हीच मांडणी जुनी कागदपत्रं, नकाशे आणि चित्रं यांचे फोटो घेण्यासाठी वापरतात. तिथे ती अगदी योग्य आहे. सपाट कागदावर कुठेही सावली नको असते, उजेड या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सारखा हवा असतो, आणि एका दिव्याने पाडलेली सावली दुसरा दिवा पुसून टाकतो. चेहऱ्याला मात्र नाक आहे, गालाची हाडं आहेत, डोळ्यांच्या खोबण्या आहेत. फोटोला स्वतःची खोली नसते; उंच काय आणि खोल काय हे बघणाऱ्याला सावलीवरूनच कळतं. ती पुसली की चेहरा सपाट होणारच. तुमच्या कॅमेऱ्याचा किंवा लेन्सचा यात काही दोष नाही.

म्हणून माझा सल्ला असा की तीनचाही संच नको आणि दोनचाही नको. एक फ्लॅश, एक भक्कम स्टँड, एक मध्यम आकाराचा सॉफ्टबॉक्स किंवा उजेड पसरवणारी फोटोची छत्री, फ्लॅश पेटवणारा, कॅमेऱ्यावर लावायचा ट्रिगर, एक पांढरा आणि एक काळा मोठा फोमबोर्ड, आणि स्टँडवर टाकायला वाळूची पिशवी. एवढ्यावर कित्येक महिने शिकता येतं. आकृत्या पाठ करू नका. आकृतीत दिवा कुठे आहे ते दिसतं, पण तो किती दूर आहे, किती मोठा आहे आणि खोलीच्या भिंती कसल्या आहेत हे बहुधा दिसत नाही. फोटो कसा येणार ते ठरतं याच गोष्टींवर.

पहिलं काम अंधार करण्याचं. बाहेर तुम्ही असलेल्या उजेडातून निवड करता. स्टुडिओत सुरुवात शून्यापासून होते. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, शटर १/१२५ सेकंद, अ‍ॅपर्चर एफ/८ (लेन्सचं छिद्र) ठेवा, फ्लॅश बंद करा आणि एक फोटो काढा. तो काळा यायला हवा. काळा आला नाही तर खोलीतला उजेड तुमच्या फोटोत शिरतोय. पडदे ओढा, ट्यूबलाइट बंद करा. फोटो काळा आला की मग फ्लॅश सुरू करा. आता फोटोत जे जे दिसेल ते त्या एका दिव्याचं किंवा त्याने उजळलेल्या भिंतींचं असेल. काही बिघडलं तर कारण शोधायला फार लांब जावं लागणार नाही.

इथेच शटरचं कोडं सोडवून टाका. फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी वेळ टिकतो, तर १/१२५ सेकंद शटर उघडं असतं. म्हणजे झोत येऊन जातो तेव्हा शटर पूर्ण उघडं असलं की पुरे. ते त्यानंतर किती वेळ उघडं राहिलं याने फ्लॅशच्या उजेडात काही फरक पडत नाही. १/६० वर एक आणि १/१६० वर एक फोटो काढून बघा, चेहरा तितकाच उजळ येईल. खोलीतला दिवा चालू ठेवला तर मात्र १/६० मध्ये तो जास्त दिसेल. शटर सभोवतालचा उजेड ठरवतं, फ्लॅशची ताकद फक्त फ्लॅश ठरवते, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ दोन्हींवर चालतात. हे एका बैठकीत करून बघितलं की पुन्हा विसरत नाही. वरची मर्यादा मात्र आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत १/१६० ते १/२५० च्या पुढे शटरचे दोन पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात, म्हणून फोटोत काळा पट्टा येतो. याला सिंक स्पीड म्हणतात. मोठे फ्लॅश पूर्ण ताकदीवर थोडा जास्त वेळ जळतात आणि स्वस्त ट्रिगर किंचित उशीर लावतात, त्यामुळे मर्यादेच्या टोकाला न जाता १/१२५ वर राहणं बरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: अंतर. नवशिके ताकदीच्या बटणाशी खेळतात, अनुभवी माणूस आधी स्टँड उचलतो. अंतर बदललं की दोन वेगळ्या गोष्टी बदलतात, आणि त्यांची गल्लत झाली की पुढचं काहीच नीट समजत नाही.

पहिली गोष्ट सावलीच्या कडेची. उजेड मऊ आहे की कडक, हे वस्तूच्या जागेवरून दिवा केवढा दिसतो यावर ठरतं. सूर्याचा व्यास जवळजवळ १४ लाख किलोमीटर आहे, पण तो १५ कोटी किलोमीटरवर असल्यामुळे आकाशात जेमतेम अर्धा अंश व्यापतो. म्हणून निरभ्र दुपारी सावलीची कड धारदार पडते. ढग आले की सगळं आभाळच दिवा होतं आणि सावली विरघळते. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून ६० सेंटिमीटरवर आणला तर तो भल्यामोठ्या खिडकीसारखा वागतो. तोच तीन मीटरवर नेला तर जवळजवळ उघड्या बल्बसारखी सावली पाडतो. सॉफ्टबॉक्स तोच, कापड तेच. स्पीडलाइटच्या, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या फ्लॅशच्या, तोंडावर प्लॅस्टिकची छोटी टोपी चढवली म्हणून उजेड मऊ होत नाही, कारण दिव्याचा आकार तेवढाच राहतो. अशा टोपीने झालाच तर फायदा पांढऱ्या भिंती आणि छत यांमुळे होतो: उजेड सगळीकडे पसरतो, आपटून परत येतो, आणि मग खोलीच मोठा दिवा बनते.

विजेचे दिवे येण्याआधी उत्तर गोलार्धातल्या पोर्ट्रेट स्टुडिओंना उत्तरेकडे मोठी काचेची भिंत किंवा उतरतं काचेचं छत असायचं, ते याच हिशेबाने. उत्तरेकडून थेट ऊन जवळजवळ येत नाही, येतो तो आकाशाच्या मोठ्या तुकड्याचा उजेड, आणि पडदे ओढून तो हवा तेवढा झाकता येतो. आजचा मोठा सॉफ्टबॉक्स त्या काचेचंच काम करतो. तुमच्या घरात उत्तरेची खिडकी असेल तर तिच्याशेजारी माणसाला बसवून बघा. खिडकीपाशी आणि खिडकीपासून तीन मीटर आत, दोन्ही ठिकाणी.

अंतराची दुसरी गोष्ट उजेडाच्या उताराची. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप कमी. एक स्टॉप म्हणजे निम्मा किंवा दुप्पट उजेड. पुस्तकात हा नियम सगळ्यांनी वाचलेला असतो, पण त्यातून काय काय करता येतं ते स्टँड हलवल्याशिवाय कळत नाही. समजा माणसाच्या मागे एक मीटरवर पांढरी भिंत आहे. दिवा चेहऱ्यापासून एक मीटरवर ठेवला तर भिंत दिव्यापासून दोन मीटरवर येते. तिला चेहऱ्याच्या चौथाई उजेड मिळतो आणि ती राखाडी येते. दिवा अर्ध्या मीटरवर आणला तर भिंत तिप्पट अंतरावर जाते, तिला नववा हिस्सा मिळतो आणि ती गडद राखाडी होते. दिवा मागे, तीन मीटरवर नेला तर भिंत आणि चेहरा यांच्यात एक स्टॉपही फरक उरत नाही आणि भिंत पांढरीच्या जवळ जाते. दर वेळी ताकद अशी जुळवून घ्यायची की चेहरा तेवढाच उजळ राहील. एकाच भिंतीसमोर, एकाच दिव्याने तीन वेगळ्या पार्श्वभूमी मिळाल्या, एकही पडदा विकत न घेता.

हाच उतार चेहऱ्यावरही चालतो. दिव्याकडच्या गालापासून पलीकडच्या कानापर्यंत १२ सेंटिमीटर धरले, तर अर्ध्या मीटरवरच्या दिव्यात तेवढ्याच अंतरात अर्ध्या स्टॉपपेक्षा जास्त उतार मिळतो; दोन मीटरवरच्या दिव्यात तो जाणवतही नाही. जवळच्या दिव्यात चेहरा गोल, भरलेला दिसतो तो यामुळे. पण दोन माणसं शेजारी उभी असतील तर हाच गुण अंगाशी येतो. दिवा बाजूने, जवळच्या माणसापासून एक मीटरवर आणि दुसरा माणूस त्याच्यापलीकडे ६० सेंटिमीटरवर असेल, तर दुसऱ्याला जवळजवळ दीड स्टॉप कमी उजेड मिळेल. दिवा तीन मीटरवर नेला की फरक अर्ध्या स्टॉपवर येतो. म्हणून गटाचे फोटो काढताना दिवा दूर आणि उंच जातो, आणि मऊपणा टिकवायला तो मोठाही लागतो.

एक बारकावा सांगून ठेवते. चौथाईचा नियम बिंदूसारख्या छोट्या दिव्यासाठी काटेकोर आहे. सॉफ्टबॉक्स त्याच्या स्वतःच्या लांबीपेक्षाही जवळ आला की उजेड नियमापेक्षा हळू उतरतो. त्यामुळे वरचे आकडे अंदाज बांधण्यासाठी घ्या, शेवटचा निर्णय हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेरा दाखवतो तो उजेडाचा आलेख, बघून करा.

या अंतराच्या सरावासाठी चेहरा नको, मॅट पांढरा चेंडू घ्या. चेंडू तक्रार करत नाही, हलत नाही, आणि उजळ भाग कुठे संपतो, सावली कुठे सुरू होते, ती किती रुंद पट्ट्यात बदलते हे त्याच्यावर अगदी स्वच्छ दिसतं. अंतर टेपने मोजा आणि वहीत लिहा: दिवा किती दूर, किती उंच, ताकद किती, अ‍ॅपर्चर किती. सुरुवातीला हे कंटाळवाणं वाटेल, पण पुढे एखादा फोटो आवडला आणि तो पुन्हा हवा झाला तर ही वहीच कामाला येते. फोटोच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याची सेटिंग्ज नोंदलेली असतात, दिव्याची जागा नसते.

चेंडूनंतर चेहरा, आणि चेहऱ्यावर दिव्याची दिशा. समोरच्या माणसाला खुर्चीत बसवा, नाक थेट कॅमेऱ्याकडे. दिवा कॅमेऱ्याच्या बरोबर वर, किंचित उंच ठेवला की नाकाखाली फुलपाखरासारखी छोटी सावली पडते आणि गालाची हाडं उठून दिसतात. आता दिवा हळूहळू एका बाजूला सरकवा आणि फक्त नाकाची सावली बघत राहा. ती गालाकडे वळते, लहानसा वळसा घेते; बहुतेक चेहऱ्यांना ही जागा शोभते आणि निम्म्याहून अधिक कामं इथेच होतात. अजून सरकवलं की नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि अंधाऱ्या बाजूला डोळ्याखाली उजेडाचा त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रां याच्या व्यक्तिचित्रांत असा उजेड दिसतो म्हणून त्याचं नाव या मांडणीला मिळालं. दिवा पूर्ण बाजूला गेला की चेहरा मधोमध दोन भागांत वाटला जातो. या चार अवस्था म्हणजे चार वेगळी तंत्रं नव्हेत. एकच दिवा एका वर्तुळावर सरकत गेला आणि वाटेत त्या अवस्था आल्या. असं बघितलं की मधल्या सगळ्या जागाही तुमच्या होतात.

उंचीही तेवढीच महत्त्वाची. डोळ्यांत दिव्याचं प्रतिबिंब, म्हणजे कॅचलाइट, बुबुळाच्या वरच्या भागात साधारण दहा किंवा दोनच्या काट्यावर दिसावं. ते नाहीसं झालं तर दिवा फार उंच आहे; खोल डोळ्यांच्या माणसासाठी तो खाली आणावाच लागतो. नाकाची सावली वरच्या ओठावर चढू देऊ नका. आणि चेहरा थोडा वळवलेला असेल तर विचार करा की दिवा कॅमेऱ्याकडच्या रुंद गालावर पडतोय की पलीकडच्या अरुंद बाजूवर. पलीकडच्या बाजूवर पडला तर कॅमेऱ्याकडचा गाल सावलीत जातो, चेहरा सडपातळ आणि घडीव दिसतो. जवळच्या गालावर पडला तर चेहरा रुंद दिसतो. दिवा न हलवता, नुसती मान वळवायला सांगून हे बदलता येतं, आणि माझ्या मते पोर्ट्रेटमध्ये नवशिक्याला सर्वात लवकर फळ देणारी गोष्ट हीच आहे.

सावली फार गडद वाटली तर दुसरा दिवा लावण्याआधी पांढरा फोमबोर्ड अंधाऱ्या बाजूला धरा. तो जवळ आणाल तशी सावली उजळेल, लांब न्याल तशी गडद होईल. ताकदीचं बटण नसलं तरी हाताने हवं तितकं जुळवता येतं, आणि त्याची स्वतःची सावली पडत नाही. काळा फोमबोर्ड याच्या उलट काम करतो आणि त्याची किंमत फार थोड्यांना कळते. घरातल्या लहान पांढऱ्या खोलीत तुमच्या एका दिव्याचा उजेड चारी भिंतींवरून, छतावरून परत येत असतो. दिवा एकच असूनही सावली पुरेशी गडद होत नाही ती यामुळे. अंधाऱ्या बाजूला, चौकटीच्या जेमतेम बाहेर काळा बोर्ड उभा करा आणि गालाची कड कशी उतरते ते पाहा. सॉफ्टबॉक्सच्या तोंडावर बसणारी जाळी, म्हणजे ग्रिड, उजेडाला भिंतींकडे सांडू देत नाही. लहान जागेत ती मोठ्या सॉफ्टबॉक्सपेक्षा जास्त उपयोगी पडते. भिंती रंगीत असतील तर त्यांचा रंगही कातडीवर येतो. हिरव्या भिंतीजवळ उभं राहिलेल्याचा जबडा किंचित हिरवट का दिसतो हे संगणकावर शोधत बसण्यापेक्षा भिंतीवर काळं कापड टांगा.

फ्लॅश की एलईडी, हा प्रश्न आवडीनिवडीचा नाही, हिशेबाचा आहे. साधा स्पीडलाइट पूर्ण ताकदीवर साधारण ६० ते ७० वॉट-सेकंद ऊर्जा एका झोतात सोडतो. ६० वॉटचा एलईडी १/१२५ सेकंदात ६० भागिले १२५, म्हणजे जेमतेम अर्धा वॉट-सेकंद वापरतो. एलईडी विजेचा उजेड करण्यात अधिक कार्यक्षम आहे हे धरलं तरी पाच-सहा स्टॉपचा फरक उरतो. तो भरून काढायला अ‍ॅपर्चर उघडावं लागतं, आयएसओ वाढवावा लागतो किंवा शटर मंद करावं लागतं आणि मग हलणारा माणूस अस्पष्ट येतो. व्हिडिओ करायचा असेल किंवा स्थिर वस्तू ट्रायपॉडवर टिपायच्या असतील तर एलईडी उत्तम, कारण डोळ्यांना दिसतं तेच फोटोत येतं आणि शिकायला ते सोपं जातं. माणसांसाठी मी फ्लॅशच घ्यायला सांगेन. शक्य असेल तर मॉडेलिंग लॅम्प असलेला घ्या. झोताच्या मध्यभागी सतत जळणाऱ्या त्या लहान दिव्यामुळे सावली आधीच दिसते. एलईडी घेणार असाल तर त्याच्या माहितीत रंग अचूकतेचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ९५ किंवा त्याहून जास्त आहे ना ते बघा. कमी असेल तर कातडीचे लालसर रंग मेल्यासारखे येतात आणि नंतर दुरुस्त होत नाहीत.

रंगाबद्दल आणखी थोडंच. फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्विन असतो, पिवळ्या बल्बचा ३००० च्या आसपास. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले तर एक गाल निळसर नाही तर दुसरा केशरी येणार, दोन्ही एकदम बरोबर होणार नाहीत. खोलीतले दिवे बंद ठेवा, व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता फ्लॅशवर बांधून टाका, पहिल्या फोटोत राखाडी कार्ड धरा आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा.

लेन्सच्या बाबतीत लोक फोकल लेंथची चर्चा करतात, खरं महत्त्व कॅमेरा आणि चेहरा यांतल्या अंतराला आहे. कॅमेरा अर्ध्या मीटरवर गेला की नाक मोठं आणि कान लहान दिसतात, लेन्स कोणतीही असो. दीड-दोन मीटरवरून चेहऱ्याची प्रमाणं नैसर्गिक येतात, आणि तेवढ्या अंतरावरून डोकं-खांदे चौकटीत बसवायला फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटर, एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० ते ५६ मिलिमीटर लागतात. तुमच्याकडे साधी ५० मिलिमीटर असेल तर ती चालेल. फक्त जवळ जाण्याचा मोह टाळा आणि नंतर थोडं कापून घ्या.

चमकणाऱ्या वस्तूंना वेगळा विचार लागतो. मॅट वस्तूवर आपण उजेड टाकतो. चकचकीत वस्तूत तिला समोर जे दिसतं त्याचं प्रतिबिंब टिपतो. उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परत फिरतो, एवढा एकच नियम इथे पुरतो. चष्म्यावर सॉफ्टबॉक्स दिसतोय? मग तो कॅमेऱ्याच्या त्या कोनात आलाय. दिवा वर किंवा अजून बाजूला न्या, हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा, किंवा चष्म्याच्या काड्या कानामागे केसभर वर उचला म्हणजे काच खाली झुकते. धातूच्या वस्तूवर उजेड टाकून काही होत नाही, तिला बघायला मोठी पांढरी पृष्ठभागं द्यावी लागतात: दोन्ही बाजूंना पांढरे बोर्ड किंवा ट्रेसिंग पेपर, आणि आकार दिसावा म्हणून मध्ये कुठेतरी काळी पट्टी. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा एक फिल्टर, काचेवरची किंवा वार्निशवरची चमक ठरावीक कोनातून कमी करतो, उघड्या धातूवर त्याचा तसा उपयोग होत नाही.

काचेच्या बाटलीवर एक संध्याकाळ जरूर घालवा, कारण तिच्याइतकं कुणी शिकवत नाही. बाटलीमागे चौकटीपुरतीच पांढरी, उजळलेली पार्श्वभूमी ठेवा आणि दोन्ही बाजूंना चौकटीबाहेर काळे बोर्ड लावा: बाटलीची कड काळ्या रेषेने आखल्यासारखी उमटते. मग उलट करा. बाटलीच्या थेट मागे चौकट भरेल एवढा काळा बोर्ड आणि त्याच्याही मागे त्याहून मोठा उजळलेला पांढरा पडदा, म्हणजे उजेड काळ्याच्या कडेने डोकावेल: आता अंधारात उजळ कड दिसते. दोन्हीत बाटलीवर समोरून एकही दिवा नाही.

दुसऱ्या दिव्याची वेळ येते ती बहुधा पार्श्वभूमीसाठी. एका दिव्याने भिंत राखाडी करता येते, पण माणसावर नाट्यमय सावली आणि मागे शुद्ध पांढरं, हे दोन्ही एकदम मिळत नाही. तिथे भिंतीला स्वतःचा दिवा लागतो. मग लोक भिंत इतकी उजळवतात की तिचा उजेड परत येऊन केसांच्या आणि गालांच्या कडा खाऊन टाकतो आणि लेन्समध्ये धुकं पसरतं. पार्श्वभूमी चेहऱ्यापेक्षा अर्धा ते एक स्टॉप उजळ असली की पांढरी येते, त्यापुढे प्रत्येक पाऊल नुकसानीचं. माणसाला भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे आणा आणि कॅमेऱ्याची हायलाइट सूचना (फार उजळ भाग लुकलुकवणारी) लावून फक्त भिंत लुकलुकते आहे ना, कातडी नाही ना, हे बघा.

सुरक्षिततेकडे शिकवणारेही दुर्लक्ष करतात, म्हणून ठासून सांगते. सॉफ्टबॉक्स लावलेला उंच स्टँड पडायला एक धक्का पुरतो आणि खाली माणूस बसलेला असतो. वाळूची पिशवी रोज लावा, पाच मिनिटांच्या कामालाही. बूमवर, म्हणजे स्टँडच्या आडव्या दांड्यावर, दिवा असेल तर स्टँडचा एक पाय त्या दिव्याच्या दिशेला, त्याच्या खाली येऊ द्या. वायरी जमिनीला चिकटवा. फ्लॅश कधीही उघडू नका. वीज काढल्यानंतरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो. फार जुना फ्लॅश कुणी दिला तर तो सरळ कॅमेऱ्यावर बसवू नका. काही जुन्या फ्लॅशच्या ट्रिगरवर दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि आजच्या कॅमेऱ्याचं सर्किट त्याने जळू शकतं.

समोर बसलेल्या माणसाबद्दलही बोललं पाहिजे, कारण दिवे जमायला लागले तरी फोटो निर्जीव येतात ते बहुधा यामुळे. फोटोग्राफर बटणं फिरवत असतो आणि खुर्चीतला माणूस आपलं काही चुकतंय का या काळजीत आखडत जातो. त्याला बोलावण्याआधी दिवा, अंतर, एक्स्पोजर सगळं दुसऱ्या कुणाला किंवा पुतळ्याला बसवून नक्की करून ठेवा. तो आल्यावर तुमचं लक्ष त्याच्याकडे असू द्या. 'छान हसा' याने काही होत नाही. करण्यासारखं काही सांगा: खांदे कॅमेऱ्यापासून थोडे वळवा, हनुवटी जरा पुढे आणि किंचित खाली, डोळे मिटा आणि मी सांगितल्यावर उघडा. डोळे उघडल्यानंतरच्या पहिल्या क्षणी चेहरा मोकळा असतो. बोट बटणावर तयार ठेवा.

कोर्स करायचा असेल तर असा निवडा जिथे तुम्हाला स्वतः दिवा हलवायला मिळतो. प्रात्यक्षिक बघत उभं राहिलात आणि शिक्षकाने लावलेल्या दिव्यात सगळ्यांनी ओळीने फोटो काढले, तर घरी सुंदर फोटो न्याल, पण ते पुन्हा काढता येणार नाहीत. घरच्या सरावात रोज दुसऱ्याचं एखादं पोर्ट्रेट समोर ठेवून उलट दिशेने वाचा. डोळ्यांतल्या प्रतिबिंबावरून दिवे किती, चौकोनी की गोल, कुठल्या बाजूला ते कळतं. नाकाच्या सावलीवरून उंची आणि दिशा कळते, सावलीच्या कडेवरून आकार आणि अंतर, पार्श्वभूमीच्या छटेवरून तिला वेगळा दिवा होता की नाही. मग तोच उजेड आपल्या एका दिव्याने कुठपर्यंत जमतो ते करून बघा.

यात जिथे अडाल तीच पुढच्या खरेदीची यादी. केसांवर कड हवी आणि फोमबोर्डने ती मिळत नाही, तर दुसरा फ्लॅश आणि स्ट्रिप बॉक्स, म्हणजे लांबट अरुंद सॉफ्टबॉक्स, घ्या. पूर्ण उभा माणूस उजळत नाही, तर मोठी छत्री. दुसरा फ्लॅश पहिल्याच कंपनीचा आणि त्याच ट्रिगरवर चालणारा घ्या, म्हणजे दोघांचा रंग जुळेल आणि दोन्हींची ताकद कॅमेऱ्यापाशी उभं राहूनच बदलता येईल. लाइट मीटरची घाई नाही. तो चेहऱ्यापाशी धरून पडणारा उजेड मोजतो, त्यामुळे कपडा काळा आहे की पांढरा याने फसत नाही. पण एका दिव्याच्या कामाला हिस्टोग्राम पुरतो. तीन दिव्यांचं प्रमाण दर वेळी तेच ठेवायची गरज पडेल तेव्हा तो घ्या.